सर्व्हरचा आयपी पत्ता दुसऱ्या यंत्राकडेही असेल तर: शोध आणि दुरुस्ती

सर्व्हर चालू आहे, त्यावरील सेवा चालू आहेत, केबल नीट बसलेली आहे, आणि तरीही काही जणांना तो दिसतो, काहींना दिसत नाही. थोड्या वेळाने नेमके उलटे होते. नेटवर्कचे काम नव्याने हाती घेतलेल्या माणसाला अशा वेळी सर्व्हरच बिघडला असे वाटते आणि तो रीस्टार्ट करून पाहतो. रीस्टार्टनंतर काही काळ सगळे सुरळीत चालते, त्यामुळे गैरसमज आणखी पक्का होतो. या लक्षणांमागे आयपी कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच नेटवर्कमधील दोन यंत्रांनी एकच आयपी पत्ता वापरणे, हे कारण आहे का ते कसे तपासावे आणि असल्यास दुसऱ्या यंत्रापर्यंत कसे पोहोचावे, याची पद्धत येथे क्रमाने दिली आहे. लेखातील कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत द्याव्यात.

एक गोष्ट सुरुवातीलाच आग्रहाने सांगावीशी वाटते. कॉन्फ्लिक्टची शंका आली की सर्व्हरचा पत्ता बदलून मोकळे होण्याचा मोह होतो, तो टाळावा. सर्व्हरच्या पत्त्यावर डीएनएसच्या (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) नोंदी, फायरवॉलचे नियम, बॅकअपची कामे आणि इतर सर्व्हरवरील कॉन्फिगरेशन अवलंबून असते, शिवाय ज्या कारणाने आज हा पत्ता दुसऱ्याकडे गेला त्याच कारणाने उद्या नवा पत्ताही जाऊ शकतो. त्यामुळे आधी दुसरे यंत्र सापडले पाहिजे, बदल त्यानंतर.

नेमके काय घडते

एकाच सबनेटमधील, म्हणजे राउटर मध्ये न येता एकमेकांशी थेट बोलू शकणाऱ्या नेटवर्कच्या भागातील, यंत्रे एकमेकांना प्रत्यक्षात मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या पत्त्यावर, पॅकेट (माहितीचे तुकडे) पाठवतात. आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याचे काम एआरपी हा प्रोटोकॉल करतो. त्याचे मूळ वर्णन १९८२ सालच्या आरएफसी ८२६ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजात आहे. एखाद्या यंत्राला १९२.१६८.१०.२० शी बोलायचे असेल तर ते सगळ्या सबनेटला उद्देशून ‘हा पत्ता कोणाकडे आहे?’ असे विचारते, ज्याच्याकडे तो असेल ते यंत्र आपला मॅक पत्ता कळवते, आणि विचारणारे यंत्र ही जोडी आपल्या एआरपी टेबलमध्ये काही काळ जपून ठेवते. या सगळ्यात उत्तर देणारे यंत्र खरे आहे की नाही याची पडताळणी कुठेच होत नाही. दोन यंत्रांनी उत्तर दिले तर दोघांपैकी कोणाचा मॅक नोंदला जाईल हे उत्तरांच्या वेळेवर आणि विचारणाऱ्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर ठरते, आणि म्हणूनच शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचे पॅकेट खऱ्या सर्व्हरकडे आणि दुसऱ्याचे भलत्याच यंत्राकडे जाऊ शकते.

विंडोज आणि लिनक्समध्ये एआरपीची नोंद साधारणपणे अर्ध्या-एक मिनिटात शिळी मानली जाऊन पुन्हा तपासली जाते, तर सिस्कोच्या राउटरवर तीच नोंद, मुद्दाम बदलली नसेल तर, ४ तास टिकते. याचा परिणाम समजून घेण्यासारखा आहे. सर्व्हरच्याच सबनेटमधील लोकांना तो सतत येतो-जातो असे जाणवते. पण दुसऱ्या सबनेटमधील सर्वांची पॅकेट राउटरमार्फत येत असल्यामुळे त्या सगळ्यांना एकतर काहीच त्रास होत नाही, किंवा सगळ्यांनाच तासन्‌तास सर्व्हर मिळत नाही. तक्रारी कोणत्या सबनेटमधून आल्या आणि त्यांचा प्रकार काय होता, हे तपासाच्या आधी लिहून घेतले तर अर्धे चित्र तिथेच स्पष्ट होते.

रीस्टार्टने तात्पुरता फरक का पडतो याचेही उत्तर यातच आहे. बहुतेक यंत्रे चालू होताना आपला पत्ता कोणी न विचारताच जाहीर करतात, त्यामुळे इतरांच्या टेबलमधील चुकीची नोंद पुसली जाऊन सर्व्हरचा मॅक बसतो. दुसऱ्या यंत्राने पुन्हा उत्तर दिले की त्रास परत सुरू होतो.

आणखी एक ओळखीचे लक्षण एसएसएचने लॉगिन करणाऱ्यांना दिसते. पॅकेट दुसऱ्याच यंत्राकडे गेले आणि तिथेही एसएसएच चालू असेल, तर सर्व्हरची ओळख बदलली आहे असा ठळक इशारा येतो. अनेक जण लगेच जुनी होस्ट की (सर्व्हर ओळखण्यासाठी आपल्या यंत्रावर जपलेली खूण) काढून टाकतात आणि पुढे जातात. असे कधीही करू नये. तो इशारा खरोखरच दुसरे यंत्र समोर असल्याचे सांगत असतो, आणि की पुसून पुढे गेल्यास आपण आपला पासवर्ड त्या दुसऱ्या यंत्रावर टाइप करतो.

यंत्रांनी स्वतःहून कॉन्फ्लिक्ट ओळखावा यासाठी २००८ साली आरएफसी ५२२७ प्रसिद्ध झाला. पत्ता वापरायला घेण्यापूर्वी यंत्राने स्वतःचा पत्ता ०.०.०.० दाखवून तीन वेळा चौकशी करावी आणि कोणी उत्तर दिले तर तो पत्ता घेऊ नये, अशी त्यातील पद्धत आहे. विंडोज अशी चौकशी करते. लिनक्सचा कर्नल मात्र हाताने दिलेल्या आयपीव्ही४ पत्त्याची तपासणी स्वतः करत नाही. ती होते की नाही हे वरच्या नेटवर्क व्यवस्थापन प्रोग्रॅमवर आणि त्याच्या सेटिंगवर अवलंबून असते. कॅमेरे, प्रिंटर यांसारखी अनेक उपकरणेही बिनदिक्कत पत्ता घेऊन बसतात. स्क्रीनवर काही संदेश आला नाही म्हणून कॉन्फ्लिक्ट नाही, असे धरून चालता येत नाही.

पुरावा गोळा करणे

पहिली पायरी म्हणजे सर्व्हरच्या कन्सोलवर बसणे: प्रत्यक्ष मॉनिटर-कीबोर्डवर, व्हर्च्युअल मशीन असेल तर हायपरव्हायझरच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कन्सोलवर, किंवा सर्व्हरच्या स्वतंत्र मॅनेजमेंट पोर्टमार्फत. रिमोट लॉगिनवर या वेळी विसंबू नये, कारण वादातला पत्ता तोच आहे. नाइलाजाने रिमोट लॉगिन केलेच तर प्रत्येक महत्त्वाच्या कमांडआधी ‘होस्टनेम’ देऊन आपण कोणत्या यंत्रावर आहोत याची खात्री करावी.

दुसरी पायरी, सर्व्हरच्या सर्व नेटवर्क कार्डांचे मॅक पत्ते लिहून घेणे. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ आणि लिनक्सवर ‘आयपी लिंक’ ही कमांड त्यासाठी पुरते. ‘सर्व’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकत्र जोडलेली कार्डे, व्हर्च्युअल ब्रिज आणि सर्व्हरवरील व्हर्च्युअल मशीनची कार्डे यांतले एक जरी सुटले तरी पुढे स्वतःचाच मॅक परका समजून शोध भरकटतो. विंडोजवर याच वेळी पत्त्यापुढे ‘डुप्लिकेट’ असा शेरा दिसतो का तेही पाहावे. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम लॉगमध्ये टीसीपीआयपी या स्रोताची ४१९९ क्रमांकाची नोंद असेल तर बरेच काम हलके होते, कारण त्या नोंदीत समोरच्या यंत्राचा मॅक पत्ता दिलेला असतो. सिस्कोच्या राउटर-स्विचच्या लॉगमध्ये ‘डुपॲडर’ या खुणेची ओळ शोधावी, तर विंडोजच्या डीएचसीपी सर्व्हरवर (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारा सर्व्हर) लीजच्या, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी वाटलेल्या पत्त्यांच्या, यादीत ‘बॅड ॲड्रेस’ अशा नोंदी आहेत का ते पाहावे.

तिसरी पायरी निर्णायक आहे. त्याच सबनेटमधील तिसऱ्या यंत्रावर जावे, तिथल्या एआरपी टेबलमधून वादातल्या पत्त्याची नोंद काढून टाकावी, त्या पत्त्याला पिंग करावे आणि टेबल पुन्हा पाहावे. विंडोजवर नोंद काढायला ‘एआरपी -डी’ आणि पाहायला ‘एआरपी -ए’. लिनक्सवर ‘आयपी नेबर फ्लश’ आणि ‘आयपी नेबर शो’. हे काही वेळा करावे. दिसलेला मॅक सर्व्हरच्या यादीत नसेल तर शंकेला आधार मिळाला. येथे नवख्यांची एक गफलत नेहमी होते: पिंगला उत्तर आले नाही म्हणून त्या पत्त्यावर कोणी नाही असे ते ठरवतात. फायरवॉल पिंग अडवते, पण एआरपीच्या प्रश्नाला यंत्र सहसा उत्तर देतेच, कारण त्याशिवाय त्याचे नेटवर्कच चालणार नाही. म्हणून पिंगचा निकाल काहीही असो, टेबल पाहायचेच.

लिनक्सचे यंत्र हाताशी असेल तर ‘आर्पिंग’ हे साधन याहून सरस आहे, कारण ते आलेले प्रत्येक उत्तर मॅक पत्त्यासह वेगळ्या ओळीत दाखवते. उदाहरणार्थ, १९२.१६८.१०.२० साठी विचारणा केल्यावर पहिल्या ओळीत ००:५०:५६:९ए:३१:०७ आणि लगेच खाली ५२:५४:००:१ए:७७:०४ असे उत्तर आले, तर आता शंकेचा प्रश्न उरत नाही. इतकेच काय, या दोन ओळी वाचूनच पुष्कळ कळते: ००:५०:५६ हा आरंभ व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअल मशीनचा असतो आणि ५२:५४:०० हा क्यूईएमयू-केव्हीएमचा. आपला सर्व्हर व्हीएमवेअरवर असेल तर दुसरी ओळ कोणीतरी चाचणीसाठी उभ्या केलेल्या व्हर्च्युअल मशीनची असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग केबलच्या मागे धावण्याआधी केव्हीएमचे होस्ट सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला विचारलेले बरे. ‘आर्पिंग -डी’ (कॅपिटल डी) असे दिल्यास हेच साधन, पत्ता मोकळा आहे का, एवढीच तपासणी करते. नवा पत्ता देण्यापूर्वी ती सवयीने करावी. वायरशार्कमध्ये पॅकेट पकडले तर तोही प्रोग्रॅम एकाच पत्त्यासाठी दोन मॅक दिसल्याचा इशारा देतो.

यांपैकी काहीच उपलब्ध नसेल तर, कामाची वेळ संपल्यावर आणि संबंधितांना आधी कळवून, सर्व्हरची केबल काढावी आणि दुसऱ्या यंत्रावरून एआरपी नोंद पुसून पुन्हा पिंग करावे. केबल काढलेली असताना टेबलमध्ये मॅक येत असेल तर तो दुसऱ्याचाच. याच वेळी ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडून पाहावा. पुष्कळदा प्रिंटरचे किंवा कॅमेऱ्याचे सेटिंगचे पान समोर येते आणि शोध तिथेच संपतो.

दोन मॅक दिसले तरी कॉन्फ्लिक्ट नसतो तेव्हा

पुढे जाण्यापूर्वी चार गोष्टी वगळून घ्याव्यात, नाहीतर निर्दोष यंत्रावर कारवाई होते.

लिनक्सच्या सर्व्हरची दोन कार्डे एकाच सबनेटमध्ये असतील, तर एका कार्डाच्या पत्त्यासाठी दुसरे कार्डही उत्तर देऊ शकते. दोन्ही मॅक त्याच सर्व्हरचे असतात. दुसऱ्या पायरीत यादी पूर्ण करण्याचा आग्रह धरला तो यासाठीच. ‘एआरपी इग्नोर’ आणि ‘एआरपी अनाउन्स’ ही कर्नलची सेटिंग बदलून हे वर्तन थांबवता येते. दुसरी गोष्ट, ००:००:५ई:००:०१ ने सुरू होणारा मॅक व्हीआरआरपीचा असतो, म्हणजे दोन राउटर मिळून एक सामाईक पत्ता सांभाळत असतात. तिसरी, एखादे राउटर प्रॉक्सी एआरपी चालू असल्याने दुसऱ्यांच्या वतीने उत्तरे देत असते. एकाच मॅककडून अनेक पत्त्यांची उत्तरे येत असतील तर हे तपासावे. चौथी, विंडोजच्या लॉगमध्ये ०.०.०.० हाच पत्ता कॉन्फ्लिक्टमध्ये असल्याचा विचित्र संदेश आला तर तो स्विचकडून आलेला असू शकतो, कारण काही स्विच जोडलेल्या यंत्रांचा माग ठेवण्यासाठी ०.०.०.० नावाने एआरपी पाठवतात आणि ते विंडोजच्या स्वतःच्या चौकशीच्या आड येते.

क्लस्टरची बाब वेगळी आहे. दोन सर्व्हरपैकी एकाकडेच असायला हवा असा तरंगता पत्ता दोघांनीही घेतला असेल, तर पत्ता बदलणे हा उपायच नाही. दोघांमधला संपर्क तुटल्याने प्रत्येकाला दुसरा बंद पडल्याचे वाटत असते, तेव्हा तो संपर्क का तुटला हे पाहावे. आणि ज्या पत्त्यासाठी परका मॅक उत्तर देत आहे तो डीफॉल्ट गेटवेचा, म्हणजे सबनेटबाहेर जाण्याच्या राउटरचा, पत्ता असेल, तर ही साधी चूक न मानता सुरक्षेची घटना मानावी. इतरांची पॅकेट आपल्याकडे वळवण्यासाठी एआरपीची खोटी उत्तरे देणे ही हल्ल्याची जुनी रीत आहे.

दुसऱ्या यंत्रापर्यंत पोहोचणे

मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो आणि त्याचे पहिले २४ बिट बहुधा उत्पादकाला आयईईईने दिलेले असतात, त्यामुळे उत्पादकाचे नाव शोधता येते. व्हर्च्युअलबॉक्ससाठी ०८:००:२७ आणि हायपर-व्हीसाठी ००:१५:५डी हे आरंभ लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मॅकमधील दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता स्थानिक पातळीवर ठरवलेला असतो. आजकालचे फोन वायफायवर असेच बदलते मॅक वापरतात, तिथे उत्पादकाच्या यादीचा उपयोग होत नाही.

खरा माग स्विचवर लागतो. मॅनेज्ड स्विचच्या मॅक टेबलमध्ये तो मॅक कोणत्या पोर्टवर दिसतो हे पाहावे. ही नोंद अनेक स्विचवर ३०० सेकंद शांतता राहिली की पुसली जाते, म्हणून पाहण्याआधी त्या पत्त्याला आर्पिंग सतत चालू ठेवावे. त्या पोर्टवर एकच मॅक असेल तर यंत्र तिथेच जोडलेले आहे. अनेक मॅक असतील तर बहुधा ते पोर्ट दुसऱ्या स्विचकडे, व्हर्च्युअल मशीनच्या होस्टकडे किंवा वायफायच्या ॲक्सेस पॉइंटकडे जाते. एलएलडीपीच्या (शेजारच्या उपकरणांनी एकमेकांना आपली ओळख कळवण्याचा प्रोटोकॉल) माहितीतून पलीकडचे उपकरण ओळखावे आणि तिथे हाच शोध पुन्हा करावा. साधा, मॅनेज न होणारा स्विच असेल तर आर्पिंग चालू ठेवून एकेक केबल काढून पाहण्याखेरीज मार्ग नसतो, आणि तेही प्रत्येक केबल कोणाची हे विचारूनच करावे.

पोर्ट सापडले की ते लगेच बंद करण्याची घाई करू नये. त्या टोकाला कोणाचे काय काम चालले आहे हे माहीत नसताना ते तोडणे म्हणजे एका बिघाडातून दुसरा बिघाड तयार करणे होय. सर्व्हर ठप्प असल्याने थांबणे शक्यच नसेल तर पोर्ट बंद करावे, पण वेळ आणि पोर्ट क्रमांक लिहून ठेवून.

कारणाप्रमाणे दुरुस्ती

सर्वांत सामान्य कारण साधे असते: सर्व्हरला हाताने दिलेला पत्ता डीएचसीपीच्या पूलमध्येही, म्हणजे वाटायच्या पत्त्यांच्या साठ्यातही, असतो. कित्येक महिने तो पत्ता कोणाला वाटला जात नाही, मग एके दिवशी यंत्रांची संख्या वाढते आणि डीएचसीपी तो एखाद्या लॅपटॉपला देऊन टाकतो. दुरुस्तीचा क्रम येथे पाळावा. आधी डीएचसीपी सर्व्हरवर तो पत्ता, किंबहुना सर्व्हरांसाठीचा सगळा पट्टा, पूलमधून वगळावा. मग चालू लीज काढावी. आणि शेवटी त्या लॅपटॉपवर ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ आणि ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ द्यावे. क्रम उलटा केला तर लॅपटॉपला तोच पत्ता परत मिळण्याची शक्यता राहते. माझ्या मते डीएचसीपी, डीएनएस आणि हायपरव्हायझर यांचे पत्ते पूलबाहेर हातानेच द्यावेत, कारण इतर सगळे बंद असतानाही ही यंत्रे उठली पाहिजेत. बाकी सर्व्हर, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांसाठी डीएचसीपीवर मॅकनिहाय रिझर्व्हेशन करणे सोयीचे, कारण मग सगळी नोंद एका जागी राहते.

व्हर्च्युअल मशीनची नक्कल हे दुसरे कारण. मूळ मशीनला हाताने पत्ता दिलेला असेल तर तो नकलेत जसाच्या तसा येतो, हे उघड आहे. पण डीएचसीपी वापरूनही नकला एकच पत्ता घेतात, हे कोड्यात टाकणारे आहे. उबुंटूसारख्या वितरणांत डीएचसीपीला दाखवली जाणारी ओळख मॅकवरून न बनता ‘मशीन-आयडी’ या फाइलवरून बनू शकते; नकलेत ती फाइलही तीच असल्यामुळे मॅक वेगळे असूनही डीएचसीपी सर्व्हर दोघांना एकच यंत्र समजतो. म्हणून टेम्पलेट तयार करताना ती फाइल रिकामी ठेवावी, म्हणजे प्रत्येक नक्कल पहिल्यांदा चालू होताना नवी ओळख तयार करते.

तिसरे कारण नेटवर्कमध्ये आगंतुक डीएचसीपी सर्व्हर असणे. कोणी छोटे वायफाय राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टमध्ये केबल जोडली की ते आपल्या मनाने पत्ते वाटू लागते. बाधित यंत्रावर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ मध्ये डीएचसीपी सर्व्हरची ओळ पाहावी. तिथे अनोळखी पत्ता असेल तर उत्तर सापडले. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू करून फक्त खऱ्या सर्व्हरच्या पोर्टवरूनच अशी उत्तरे येऊ देणे हा त्यावरचा कायमचा इलाज आहे.

डीएचसीपी सर्व्हर जुन्या बॅकअपवरून परत आणला असेल तर मधल्या काळात दिलेल्या लीज तो विसरलेला असतो आणि वापरात असलेले पत्ते पुन्हा वाटतो. विंडोजच्या डीएचसीपी सर्व्हरमध्ये पत्ता देण्यापूर्वी पिंग करून पाहण्याची सोय ० ते ५ प्रयत्नांची आहे आणि मुळात ती ० वर, म्हणजे बंद असते. अशा पुनर्स्थापनेनंतर ती १ किंवा २ वर ठेवावी. अधिक ठेवल्यास पत्ते मिळायला उशीर होतो. मात्र ही तपासणी पिंगवर चालते, त्यामुळे पिंग अडवणारी यंत्रे तिच्या नजरेतून सुटतात.

दुरुस्तीनंतर

दुसऱ्या यंत्राने पत्ता सोडला तरी इतरांच्या टेबलमधील चुकीच्या नोंदी तशाच असतात. सर्व्हरवरून ‘आर्पिंग -यू’ (कॅपिटल यू) देऊन पत्ता पुन्हा जाहीर करावा आणि राउटरवरील एआरपी नोंद हाताने पुसावी. चार तासांची ती मुदत येथे विसरली तर दुरुस्ती झालीच नाही असे वाटत राहते. मग तिसऱ्या यंत्रावरून आर्पिंग करून एकाच मॅकचे उत्तर येते याची खात्री करावी आणि सर्व्हरच्या सबनेटबाहेरूनही सेवा तपासावी.

यानंतर पत्त्यांच्या यादीत पत्ता, मॅक, यंत्राचे नाव, स्विचचे पोर्ट आणि जबाबदार व्यक्ती अशी नोंद करावी. साधी स्प्रेडशीट चालते, फक्त ती एकच असावी आणि नवा पत्ता देणाऱ्या प्रत्येकाने तीच वापरावी. सर्व्हरांच्या सबनेटमध्ये ‘आर्पवॉच’ चालू ठेवणे फार उपयोगी पडते. एखाद्या पत्त्याचा मॅक दोन यंत्रांमध्ये आलटून-पालटून बदलू लागला की ते ‘फ्लिप फ्लॉप’ अशी सूचना मेलने पाठवते आणि तक्रारी येण्याआधी आपल्याला कळते.

आयपीव्ही६ मध्ये ही तपासणी मूळ रचनेतच आहे: पत्ता वापरण्याआधी तो दुसरीकडे आहे का हे यंत्र विचारते आणि आढळल्यास घेत नाही. लिनक्सवर ‘आयपी ॲड्रेस’ च्या माहितीत पत्त्यापुढे ‘डॅडफेल्ड’ असा शेरा दिसला तर तो पत्ता आधीच कोणाकडे आहे असे समजावे आणि शोध याच मार्गाने, फक्त एआरपी टेबलऐवजी नेबर टेबल पाहून करावा.

शेवटची तपासणी दुसऱ्या यंत्राची. ते आपल्या डोळ्यांसमोर एकदा रीस्टार्ट करून घ्यावे. चालू असताना बदललेला पत्ता सेटिंगच्या फाइलमध्ये जतन झालेला नसेल, तर पुढच्या वेळी ते यंत्र जुनाच पत्ता घेऊन उठते, आणि तोपर्यंत हा प्रकार सर्वांच्या विस्मरणात गेलेला असतो.